वाढत्या वयाचा शिधा

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून काय उघडे राहणार व काय बंद होणार याच्या याद्या घरोघरी वाचल्या जाऊ लागल्या. दूध, भाजीपाला, किराणा, औषधे, बँका. ‘अत्यावश्यक’ हा जड शब्द त्या दिवसांत शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. सरकारी यादीच्या जोडीला प्रत्येक घराने मनाशी आणखी एक यादी केली होती. मुलांचे काय चालू राहिले पाहिजे आणि काय थांबले तरी चालेल, याची ती यादी. तीत अभ्यास अर्थातच पहिला होता. ज्या घरात एकच मोबाइल होता तेथे दुसरा आला, कुणी त्यासाठी उसनवारी केली, कुणी स्वतःचे काम अडवून तो मुलांच्या हाती दिला. खेळणे मात्र कोणत्याच यादीत नव्हते. ते सुटले, आणि सुटल्याची कुणास फारशी चुटपूटही लागली नाही. ‘जीव वाचला तर खेळायला आयुष्य पडलं आहे,’ असे वडीलधारी म्हणत आणि त्या घडीला ते खोटे नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. मग हा विषय आज पुन्हा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याची कारणे दोन. त्या वेळी अकरा-बारा वर्षांची असलेली मुले आता महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्या आत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना त्या दोन वर्षांत जडलेली खोलीची, एकलेपणाची व जागरणाची सवय अजून सुटलेली नाही. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. दहावी किंवा बारावीचे वर्ष आले की आपल्यापैकी पुष्कळ घरांत एक छोटी टाळेबंदी आजही लागू होते. मैदान बंद, पोहणे बंद, मित्र बंद. अभ्यास तेवढा चालू. महामारीने आपणास जे शिकवले ते नीट पाहिले, तर या घरगुती टाळेबंदीचाही फेरविचार करावा लागेल.

तेरा ते एकोणीस या वयाकडे आपण बहुधा तक्रारीच्या दृष्टीने पाहतो. मूल उलट बोलते, दार लावून बसते, सकाळी उठत नाही. शरीराच्या बाजूने पाहिले तर हे वय मोठ्या बांधकामाचे असते. उंची झपाट्याने वाढते आणि जन्मभर पुरणारा हाडांचा साठा बराचसा याच वर्षांत भरला जातो. तो नीट भरण्यासाठी अन्नाइतकीच हाडांवर पडणाऱ्या भाराची, म्हणजे धावण्याची, उड्या मारण्याची, ओझे पेलण्याची आवश्यकता असते. मेंदूतही घडामोड चालू असते. भावना उसळवणारी केंद्रे लवकर जागी होतात. त्यांस आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागील भाग मात्र पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. झोपेचे घड्याळही या वयात आपोआप पुढे सरकते. रात्री लवकर झोप न येणे व पहाटे डोळा न उघडणे हा सर्वस्वी आळस नसतो. आणि मनाचे म्हणाल, तर आईबापांपासून थोडे दूर व बरोबरीच्यांच्या थोडे जवळ जाणे हेच या वयाचे नेमून दिलेले काम असते.

टाळेबंदीने नेमके याच्या उलट केले. ज्या वयाने घराबाहेर पडावयाचे ते दिवसरात्र घरात राहिले, आणि ज्या आईवडिलांपासून थोडे अंतर हवे त्यांच्या नजरेखाली आठही प्रहर राहिले. मोठ्यांना टाळेबंदी म्हणजे खोळंबा वाटला. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र वाढीचे एक काम भर हंगामात अडले होते.

आपल्या समाजास साथीचा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी तो पुण्यात भडकला, आणि त्यानंतर दख्खन, कर्नाटक, गुजरात व मध्य हिंदुस्थानातील कितीतरी गावांतून तो वर्षानुवर्षे फिरत राहिला. जुन्या घराण्यांतून अजून त्या आठवणी सांगितल्या जातात. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडावयाचे आणि माळावर, शेतात किंवा आमराईत झोपड्या घालून राहावयाचे. त्या साथीत जी माणसे गेली त्यांची गणती आठवली की अंगावर काटा येतो. तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. प्लेगचा पिसवा घरातल्या उंदरावर असे, म्हणून प्लेगने माणसांस उघड्यावर काढले. कोविड माणसाच्या श्वासातून पसरे, म्हणून त्याने माणसांस एकमेकांपासून तोडून आत कोंडले. मुलांच्या पिढीवर अशी कोंडून राहण्याची वेळ इतक्या मोठ्या प्रमाणावर बहुधा प्रथमच आली, आणि ती आली तेव्हा कसे वागावे याचा धडा कोणत्याही आजीच्या बटव्यात नव्हता.

इतर देशही चाचपडतच होते. ब्रिटनने मार्च २०२० च्या निर्बंधांतही दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा ठेवली. स्पेनमध्ये मुले सहा आठवडे घराबाहेर पडू शकली नाहीत. अखेर २६ एप्रिल २०२० पासून चौदा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबर दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत फिरण्याची परवानगी देण्यात आली. मुलाचे चालणे हे सरकारी आदेशात लिहावे लागते, ही गोष्ट वरवर हास्यास्पद वाटेल. पण जे लिहिलेले असते त्याचीच अडचणीच्या वेळी आठवण राहते. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये मिटलेल्या शाळा वरच्या वर्गांसाठी मधूनमधून उघडल्या आणि एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटल्या. त्यांच्याबरोबर शाळेचे मैदानही मिटले. वर्ग पडद्यावर भरले. मैदान पडद्यावर भरवता येत नाही.

आता थोडे आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे श्वास जलद चालेल अशी हालचाल केली पाहिजे, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा जोरकस व्यायाम झाला पाहिजे. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील शाळकरी मुलांची पाहणी नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. अकरा ते सतरा या वयातील ८१ टक्के मुलांना तेवढी हालचाल घडत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के व मुलग्यांत ७८ टक्के होते. ही पाहणी महामारीच्या आधीची आहे, हे विसरू नये. म्हणजे शिधा मुळातच अपुरा होता. टाळेबंदीने तो अगदीच तोडला.

मनाच्या बाजूचे आकडे ऑगस्ट २०२१ मध्ये पुढे आले. निरनिराळ्या देशांतील एकोणतीस अभ्यास एकत्र करून, सुमारे ८१,००० मुलांची माहिती तपासली असता, दर चार मुलांमागे एकात नैराश्याची व दर पाचांमागे एकात चिंतेची ठळक लक्षणे आढळली. महामारीपूर्वीच्या अंदाजांच्या ते जवळजवळ दुप्पट होते. मोठ्या वयाच्या मुलांत नैराश्याची आणि मुलींत नैराश्य व चिंता या दोहोंचीही लक्षणे अधिक होती. लक्षणे असणे म्हणजे आजारच असे नव्हे, आणि या साऱ्याचे खापर केवळ बंद पडलेल्या खेळावर फोडणेही चुकीचे ठरेल. घरातील आजारपण, गेलेल्या नोकऱ्या, मृत्यूचे भय, परीक्षांची अनिश्चितता, सारेच त्यात होते. तथापि या सर्व दुःखांशी झुंजण्याचे जे एक साधे, बिनपैशाचे साधन मुलांजवळ असते, नेमके तेच त्या काळात काढून घेतले गेले.

शरीर हलल्याने मनास काय मिळते, हे सांगण्यास फार शास्त्र लागत नाही. अंग दमले की झोप गाढ लागते आणि झोप लागली की चिडचिड कमी होते. सकाळचे ऊन अंगावर पडले की झोपेचे घड्याळ ताळ्यावर येते. काल दहा जोर निघत होते, आज बारा निघाले, ही स्वतःच्या बळावर मिळवलेली प्रगती मुलास स्वतःविषयी भरवसा देते. आणि परीक्षाच रद्द झालेल्या वर्षात असा भरवसा देणारे दुसरे फार थोडे होते. खेळात हरण्याचीही सवय होते. हरल्यावर मित्राच्या खांद्यावर हात टाकून घरी येणे हे भावनांचे मोठेच शिक्षण आहे.

आपल्या जुन्या तालमींस हे सारे ठाऊक होते. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी पुढे नेली आणि याच शहरात द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीतून सिद्ध झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. ग्वाल्हेरीस १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेला मल्लखांब मध्य प्रदेशाने २०१३ साली राज्याचा खेळ म्हणून स्वीकारला, आणि उज्जैनचे मल्लखांब-प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा तो समारंभही महामारीमुळे दूरस्थ पद्धतीने करावा लागला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने भाषेइतकीच जपलेली ही ठेव आहे.

पण तालमीत केवळ घाम गाळला जात नसे. तेथे एक वस्ताद असे. तो बाप नसे, शाळामास्तर नसे. प्रगतिपुस्तक पाहत नसे. मुलाचा चेहरा उतरलेला दिसला की ‘काय रे, आज जोर का लागत नाही?’ एवढेच विचारी, आणि त्या एका प्रश्नावर मूल कधीकधी घरी न बोललेले बोलून जाई. वाढत्या वयास आईबापांखेरीज असा एक मोठा माणूस लागतो. महामारीत तालीम, मैदान, पोहण्याचा तलाव आणि गाण्याचा वर्ग बंद झाले तेव्हा मुलांचे वस्तादही हरवले. ज्या प्रशिक्षकांनी त्या काळात मुलांना रोज सकाळी दूरध्वनी करून ‘झाले का नमस्कार?’ असे विचारले, त्यांनी व्यायामाबरोबर ही दुसरी जागाही राखली. त्यांचे ऋण मोठे आहे.

जागा नव्हती, ही अडचण खरी होती. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे असली की धावावयाचे कोठे? येथे आपली परंपरा उपयोगी पडण्यासारखी होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्या व्यायामास एका चटईपुरती जागा पुरते. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, जिन्याची चढउतार, गच्चीवरची फेरी यांसही खर्च नाही. ज्या घरांत हे चालले तेथे बहुधा एक गोष्ट समान दिसे: मोठी माणसे मुलांबरोबर करीत होती. ‘जा, नमस्कार घाल’ असे खुर्चीतून सांगितलेले फार दिवस टिकत नाही. ‘चल रे, तू मोज, मी घालतो’ असे म्हणणाऱ्या वडिलांच्या घरी ते टिकले, आणि बापलेकांत अभ्यासाखेरीज बोलण्यास एक विषयही मिळाला.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. टाळेबंदीत मदतनीस बायका येईनाशा झाल्या तेव्हा केरवारा, भांडी, आजाऱ्याची उस्तवार यांचा वाटा पुष्कळ घरांत मुलींकडे गेला. ‘तिला कशाला वेगळा व्यायाम, दिवसभर हलतेच आहे,’ हे वाक्य त्या काळात सहज उच्चारले जाई. घरकाम हे काम आहे, खेळ नव्हे. त्यात तिची मैत्रीण नाही, तिची निवड नाही आणि तिचे जिंकणेही नाही. भाऊ गच्चीवर क्रिकेट खेळावयास गेला तर बहिणीनेही जावे, आणि दोघांनी मिळून भांडी घासून जावे, एवढा न्याय तरी घरात हवा. पाळी सुरू झाली की मुलीचे मैदान सुटते, हे तर महामारीविनाही घडते. ते आईनेच थांबवावयाचे आहे.

व्यायाम हे औषधच, असे मात्र कुणी समजू नये. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्या मुलांनी आई किंवा वडील गमावले, ज्यांना शेवटचे दर्शन झाले नाही, ज्यांच्या घरी सांत्वनास चार माणसेही येऊ शकली नाहीत, त्यांचे दुःख धावून विरणारे नव्हते. या वयाचे दुःख रडण्यातून क्वचितच दिसते. ते रागाच्या रूपाने येते, नाहीतर मौनाच्या. म्हणून काही खुणा आईवडिलांनी ओळखून ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल सतत उदास किंवा चिडलेले आहे. झोप व भूक पार बदलली आहे. जी गोष्ट त्यास जिवापाड आवडत असे तीही नकोशी झाली आहे. मित्रांचे दूरध्वनी ते घेत नाही. स्वतःच्या आवडत्या वस्तू वाटून टाकते आहे. ‘मी नसलो तर बरं होईल’ असे काही बोलते आहे. यांतील शेवटच्या दोन खुणा दिसल्यास दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी पावले उचलावीत. अशा वेळी ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खरी नाही. उलट कुणीतरी विचारले याचाच त्या जिवास आधार वाटतो. मग त्यास एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे रात्री-अपरात्रीही बोलता येते.

येथे आपल्या समाजाचा एक संकोच आडवा येतो. युनिसेफने २०२१ साली एकवीस देशांतील पंधरा ते चोवीस वर्षांच्या तरुणांस विचारले असता, मनाच्या त्रासात इतरांची मदत घेणे चांगले, असे सरासरी ८३ टक्के म्हणाले. भारतात हे प्रमाण ४१ टक्के होते. हा संकोच मुले पोटातून घेऊन येत नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ हे ती आपल्याच तोंडून ऐकतात. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या छोट्या समाजात तर प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो, म्हणून झाकून ठेवण्याची ओढ अधिक. पण तोच छोटा समाज ठरवले तर आधारही देऊ शकतो.

यावरून घरासाठी काय ठरवावे? मुलाच्या दिवसातील एक तास हालचालीसाठी राखावा आणि तो परीक्षेच्या महिन्यातही मोडू नये; फार तर दोन तुकड्यांत करावा. कोणता खेळ, हे मुलास ठरवू द्यावे; नाच असो, सायकल असो, कबड्डी असो. मोबाइल हिसकावून घेऊ नये, कारण त्या दोन वर्षांत तीच त्याची शाळा होती व तोच त्याचा कट्टा. तो रात्री कोठे ठेवावयाचा हे मात्र सर्वांनी मिळून ठरवावे, आणि तो नियम आईवडिलांसही लागू असावा. मुलाशी बोलावयाचे असेल तर समोर बसवून उलटतपासणी करू नये. ‘चल, दुधाला जाऊन येऊ’ म्हणावे. बरोबर चालताना या वयाची मुले जे सांगतात ते समोरासमोर सांगत नाहीत. मोठा ताप किंवा कोविडसारखे दुखणे होऊन गेले असल्यास व्यायाम हळूहळू वाढवावा, आणि छातीत दुखणे, धाप किंवा धडधड जाणवल्यास थांबून डॉक्टरांस दाखवावे.

आपल्या महाराष्ट्र मंडळांनाही या कामी वाटा उचलता येईल. गणेशोत्सवात मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते, नाट्यछटा होतात. त्यांच्या जोडीला मंडळाच्या सभागृहात किंवा अंगणात आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलामुलींचा खेळ सुरू करावा आणि एखाद्या निवृत्त, हसतमुख गृहस्थांनी किंवा बाईंनी तेथे वस्ताद व्हावे. खर्च दोरीचा व चेंडूचा.

साथ पुन्हा केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. दहावीचे वर्ष मात्र दर घरी ठरल्या वेळी येते. त्या वेळी काय थांबवावयाचे याची यादी पुन्हा केली जाईल. दूध, भाकरी आणि पुस्तकाच्या ओळीत मुलाचा खेळ आणि त्याचा मित्र ही दोन नावे आजच लिहून ठेवावीत. घाईच्या वेळी नवे काही सुचत नाही. आधी लिहिलेले तेवढेच पाळले जाते.